प्रतिष्ठा, विसर्जन आणि जादूघर

देवळातील मूर्ती संग्रहालयात आली म्हणजे तिच्यातील देवत्व संपते, झाकले जाते की जसेच्या तसे राहते, हा प्रश्न वरवर पाहता कलेतिहासाचा वाटत असला तरी मुळात तो धर्ममीमांसेचा आहे, आणि कोलकाता शहराने गेल्या दोनशे वर्षांत तो इतक्या निरनिराळ्या रूपांत उभा केला आहे की त्याच्या विचाराला दुसरे गाव शोधण्याची गरज पडत नाही. डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञ नॅथॅनियल वॉलिच यांच्या सूचनेवरून एशियाटिक सोसायटीने १८१४ मध्ये ज्या संग्रहालयाची स्थापना केली, आणि वॉल्टर ग्रॅनव्हिल यांनी आखलेल्या चौरंगीवरील भव्य इमारतीत जे १८७८ मध्ये लोकांसाठी खुले झाले, त्या ‘इंडियन म्युझियम’ला बंगाली माणूस ‘जादूघर’ म्हणतो. कालीघाटच्या देवीला आलेले यात्रेकरू त्याच फेरीत जादूघरही पाहून जात. म्हणजे सकाळी ज्या हातांनी देवीला फूल वाहिले, तेच हात दुपारी काळ्या पाषाणातील विष्णूसमोर किंवा तारेसमोर उभे राहत, आणि तेथे फूल वाहण्याची सोय नसे. विष्णूखालच्या पाटीवर देवतेचे नाव, दगडाचा प्रकार, सापडल्याचे ठिकाण आणि शतक एवढे लिहिलेले असते. ती देवता अजून तेथे आहे की नाही, याविषयी पाटी काही बोलत नाही.

या मौनाचे समर्थन करणारे एक उत्तर नेहमी दिले जाते: पाहणाऱ्याच्या दृष्टीत देव असेल तर मूर्ती देव आहे, नसेल तर ती शिल्प आहे. शांकर वेदान्तात या मताला आधारही सापडतो, कारण शंकराचार्य शाळिग्रामाचे उदाहरण देऊन असे दाखवतात की उपासनेत कनिष्ठ वस्तूवर श्रेष्ठ तत्त्वाची दृष्टी ठेवली जाते. दगड विष्णू होत नाही, उपासक दगडाच्या ठायी विष्णूला पाहतो. परंतु हे उत्तर प्रस्तुत प्रश्नाला पुरत नाही. उपासना करण्यास काय योग्य आणि काय अयोग्य हे केवळ उपासकाच्या मनावर सोडले, तर प्राणप्रतिष्ठेचा विधी, म्हणजे घडवलेल्या मूर्तीत मंत्रपूर्वक देवतेची स्थापना करण्याचे कर्म, निरर्थक ठरतो, आणि भंगलेली मूर्ती पूजेतून काढून पाण्यात सोडण्याचा नियमही अनाकलनीय होतो. परंपरेने हे दोन्ही विधी हजार वर्षांहून अधिक काळ गांभीर्याने पाळले आहेत, म्हणून वस्तूच्या बाजूनेही काहीतरी घडते असे मानल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

दृष्टी आणि वस्तू यांतील हा ताण कोलकात्यात संग्रहालयाच्या भिंती उभ्या राहण्याआधीच एका माणसाच्या घरात दिसून आला होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातील आयरिश अधिकारी चार्ल्स स्टुअर्ट, ज्याला त्याचे समकालीन ‘हिंदू स्टुअर्ट’ म्हणत, याने वूड स्ट्रीटवरील आपल्या घरी ओडिशा, बिहार आणि बंगालमधून आणलेल्या मूर्तींचा मोठा संग्रह मांडला होता आणि तो पाहण्यास लोकांना मुभा होती. हिंदू आचारविचारांच्या बाजूने त्याने १८०८ मध्ये पुस्तक लिहिले, रोज गंगास्नान केले, आणि त्याच वेळी देवळांतील शिल्पे व शिलालेख उचलून आणल्याचा ठपकाही त्याच्या माथी आला. भुवनेश्वरहून आलेले दोन शिलालेख त्याने एशियाटिक सोसायटीला दिले होते. ते मूळ जागेहून नेल्याची तक्रार तेथील पुजाऱ्यांकडून कळल्यावर सोसायटीने १८३० च्या दशकात ते परत पाठवले. लुटीचा माल परत करण्याची जी चर्चा आज युरोपच्या संग्रहालयांत चालते, तिचे हे फार जुने उदाहरण कोलकात्यातील आहे. १८२८ मध्ये स्टुअर्ट वारला आणि साऊथ पार्क स्ट्रीटच्या दफनभूमीत देवळाच्या आकाराच्या थडग्याखाली पुरला गेला. त्याचा संग्रह मात्र जहाजाने इंग्लंडला गेला, जॉन ब्रिज नावाच्या जवाहिऱ्याने विकत घेतला आणि १८७२ मध्ये ब्रिटिश म्युझियमच्या स्वाधीन झाला. हा मनुष्य मूर्तींचा भक्त होता की संग्राहक, असा प्रश्न चरित्रकार विचारतात. पण प्रश्नाची खरी धार अशी की तो भक्त असला तरी त्याच्या भक्तीमुळे त्या मूर्तींची स्थिती बदलली का. दृष्टीलाच सर्वस्व मानणाऱ्या मतानुसार वूड स्ट्रीटवरचे घर मालक असेपर्यंत देऊळ होते आणि तो मरताच भांडार झाले, आणि हे भुवनेश्वरच्या पुजाऱ्याला कधीच पटले नसते.

वस्तूच्या बाजूने नेमके काय घडते, याची सर्वांत काटेकोर चर्चा न्यायशास्त्रात झाली आहे, आणि हे शास्त्र मिथिलेत वाढून पुढे बंगालमधील नवद्वीप येथे शतकानुशतके शिकवले गेले, ही गोष्ट या संदर्भात दुर्लक्षिण्याजोगी नाही. वादाचे मूळ मीमांसकांच्या एका सिद्धान्तात आहे. यज्ञातील भातावर मंत्रपूर्वक पाणी शिंपडल्यावर त्या दाण्यांत पूर्वी नसलेली एक अदृश्य शक्ती उत्पन्न होते, असे ते मानतात. बाहेरून घातलेली म्हणून तिला आधेयशक्ती म्हणतात. हाच न्याय मूर्तीला लावला तर प्रतिष्ठेमुळे पाषाणात एक नवा गुण शिरतो, आणि तो एकदा शिरला की पाषाण देवळात असो वा जादूघरात, तो त्यात राहणारच. गंमत अशी की मीमांसक स्वतः देवतेला शरीरधारी मानत नाहीत. शबरस्वामींच्या भाष्यात तर देवाचे गाव, देवाचे शेत हे बोलणे केवळ गौण, म्हणजे लाक्षणिक अर्थाचे ठरवले आहे, कारण जी देवता शेताचा उपभोग घेत नाही तिची त्यावर मालकी कशी असेल.

दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमाराचे नैयायिक उदयनाचार्य यांनी न्यायकुसुमांजलीत आधेयशक्ती नाकारली. दगडात काही शिरत नाही, असे त्यांचे म्हणणे. प्रतिष्ठाविधीमुळे देवतेच्या ठिकाणी त्या मूर्तीविषयी ‘हे मी’, ‘हे माझे’ असा अभिमान उत्पन्न होतो, आणि राजाला चित्रातील स्वतःचे रूप आपले वाटते तशी देवता त्या मूर्तीला आपली मानते. या मतानुसार पूज्यता पाषाणाची नसून देवतेच्या जाणिवेची आहे, आणि मूर्ती कोठे हलवली, कोणी पाहिली, पाटीवर काय लिहिले, याने तिला बाध येण्याचे कारण नाही. अडचण एवढीच की देवतेची जाणीव टिकून आहे की विरली, हे माणसाने कसे ओळखावे, याचे साधन उदयनांकडे नाही.

तत्त्वचिंतामणीकार गंगेश यांनी ही अडचण ओळखून तिसरा मार्ग काढला, आणि तो आजच्या संग्रहालयशास्त्राला आश्चर्यकारक रीतीने जवळ आहे. त्यांच्या मते पूज्यता म्हणजे पाषाणातील गुणही नव्हे आणि देवतेच्या मनातील भावही नव्हे. प्रतिष्ठेचा विधी होऊन गेला आहे, ज्याला नैयायिकांच्या परिभाषेत त्या विधीचा ध्वंस म्हणतात, आणि तेव्हापासून आजपर्यंत मूर्तीला निषिद्ध संपर्क घडलेला नाही, या दोन गोष्टी मिळून पूज्यता ठरते. म्हणजे पूज्यता ही घटनांच्या मालिकेवर उभी आहे: एक घटना घडली असणे आणि काही घटना घडल्या नसणे. दगड तोच, पाहणारा तोच, तरी इतिहास वेगळा असेल तर मूर्ती वेगळी. संग्रहालये ज्याला वस्तूचा पूर्वेतिहास म्हणतात, ती कोणाकडून आली, कोणाच्या ताब्यात होती याची नोंद ठेवतात, तीच जागा गंगेशांच्या सिद्धान्तात पूज्यतेच्या मुळाशी आहे. फक्त दोन्ही नोंदवह्यांतील रकाने निराळे आहेत.

या सिद्धान्ताच्या दुसऱ्या अंगाकडे डोळेझाक करता येत नाही. निषिद्ध संपर्क म्हणून शास्त्रकारांनी जे गणले त्यात अस्पृश्य मानलेल्या माणसांचा स्पर्श अग्रभागी होता, आणि ज्या समाजाने १९३० चा काळाराम मंदिर सत्याग्रह आणि १९४७ चे पंढरपूरचे साने गुरुजींचे उपोषण पाहिले त्याला या अटीची किंमत कोणी मोजली हे सांगावे लागत नाही. जादूघराच्या दारात जात विचारली जात नाही. ज्या विष्णूच्या गाभाऱ्यापर्यंत ज्यांचे पूर्वज कधी पोचू शकले नसते, ते त्याच्यासमोर हातभर अंतरावर उभे राहतात. गंगेशांच्या व्याख्येने यामुळे मूर्तीची पूज्यता गेली, आणि व्याख्येतील ती अट मुळातच अन्यायाची असल्याने गेली असे मानण्याचे कारण उरत नाही. प्रतिष्ठेचा इतिहासावर उभा असलेला अर्थ घ्यावा आणि जातीवर उभा असलेला टाकावा, हे या प्रश्नात शक्य आहे; नवद्वीपच्या पंडितांनी ते केले नाही, हा त्यांच्या तर्काचा दोष नसून त्यांच्या समाजाचा होता.

इतिहासाने पूज्यता ठरते, तर ती संपवणारा विधीही असला पाहिजे, आणि तो कोलकात्यात दरवर्षी लाखो लोकांसमोर होतो. कुमारटुलीत बांबू, पेंढा आणि गंगेच्या मातीतून दुर्गेची मूर्ती उभी राहते; महालयेच्या सुमारास डोळे रेखण्याचे चक्षुदान होते; सप्तमीला नऊ वनस्पतींची मोळी, जिला नवपत्रिका म्हणतात, नदीवर न्हाऊ घालून गणपतीशेजारी ठेवली जाते आणि मूर्तीत प्राणप्रतिष्ठा होते. दशमीला पुरोहित पाण्याच्या पात्रात आरसा ठेवून देवीचे प्रतिबिंब त्यात घेतो, आणि या दर्पणविसर्जनाबरोबर, घट हलवण्याबरोबर, देवी निघून गेली असे मानले जाते. महाराष्ट्रात पार्थिव गणपतीची उत्तरपूजा झाल्यावर अक्षता वाहून मूर्ती जागची किंचित हलवतात, त्यामागचा अर्थ हाच. ढाक वाजवत घाटावर नेली जाते ती मूर्ती शास्त्रदृष्ट्या आधीच रिकामी असते. नदीचे प्रदूषण टाळण्यासाठी पालिकेची क्रेन पाण्यात सोडलेला सांगाडा लगोलग बाहेर ओढते, तेव्हा बाहेरून आलेल्या पाहुण्याला अपमान झाल्यासारखे वाटते, आणि शेजारी उभा असलेला बंगाली माणूस निवांत असतो, कारण जिचा अपमान व्हावा ती तेथे नसते.

विसर्जनाचा हा स्पष्टपणा लक्षात घेतला की कोलकात्यातील एक नवी प्रथा विचार करण्याजोगी होते. बारोवारी, म्हणजे सार्वजनिक, पूजांना कलाकारांचा हात लागू लागल्यापासून भवानीपूरच्या बकुलबागानसारख्या मंडळांनी नामवंत चित्रकार-शिल्पकारांकडून मूर्ती करवून घेतल्या. पूजेची कलात्मक बाजू इतकी वाढली की २०२१ मध्ये युनेस्कोने कोलकात्याच्या दुर्गापूजेचा मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला. अशा मूर्ती बुडवणे कलेची नासाडी आहे, या भावनेतून त्यांतील काही जतन केल्या जातात, आणि रवींद्र सरोवराजवळ त्यांच्यासाठी खास दालन आहे. त्याचे नाव ‘मा फिरे एलो’, आई परत आली. शास्त्राच्या दृष्टीने या दालनात आक्षेपार्ह काही नाही, कारण दर्पणविसर्जन झालेले आहे आणि उरली आहे ती माती. आक्षेप घ्यायचाच तर दालनाच्या नावाला घ्यावा लागेल, कारण आई पुढच्या आश्विनात नव्या मातीत येते, जुन्या मूर्तीत नव्हे. येथे संग्रहालय आणि धर्म यांच्यात भांडण नाही. भांडण असते ते जिचा निरोप कधी घेतलाच गेला नाही अशा मूर्तीबाबत.

निरोप न घेतलेल्या देवतेला हलवण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्न याच शहरातील एका घरगुती वादातून लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. मल्लिक कुटुंबाची राधाश्यामसुंदरजी ही कुलदेवता वारसदारांकडे पाळीपाळीने पूजेसाठी जात असे, आणि आपल्या पाळीत मूर्ती स्वतःच्या घरी नेण्याचा हक्क एका सेवेकऱ्याने, ज्याला बंगालच्या कायद्यात शेबाइत म्हणतात, सांगितला. ‘प्रमथनाथ मल्लिक विरुद्ध प्रद्युम्नकुमार मल्लिक’ या १९२५ च्या निकालात कौन्सिलने सांगितले की मूर्ती ही कुटुंबाची हलवता येणारी चीजवस्तू नव्हे. ती कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती आहे, तिच्या स्थानाबाबत तिची इच्छा मानली पाहिजे, आणि ती इच्छा मांडण्यासाठी वादात हितसंबंध नसलेला प्रतिनिधी न्यायालयाने नेमावा. शबरस्वामींनी जी मालकी लाक्षणिक ठरवली ती इंग्रज न्यायाधीशांनी शब्दशः खरी धरली, आणि उदयनांचा ‘हे माझे’ म्हणणारा देव दुसऱ्या घरी जायचे की नाही याबाबत वकिलामार्फत बोलू लागला. संग्रहालयाच्या दृष्टीने या निकालाचा परिणाम गंभीर आहे. जादूघरातील प्रत्येक मूर्ती कायद्याने जंगम मालमत्ता आहे. परंतु प्रतिष्ठित आणि अविसर्जित मूर्ती जर व्यक्ती असेल, तर नोंदवहीत तिला क्रमांक देताना तिचे म्हणणे कोणी ऐकले, हा प्रश्न उरतोच. मुंबईत परळ येथे १९३१ मध्ये सापडलेल्या प्रचंड शिवशिल्पाबाबत वेगळा तोडगा निघाला: मूळ शिल्प बारादेवी मंदिरात पूजेत राहिले आणि संग्रहालयाने त्याचा ठसा घेऊन प्लास्टरची प्रत ठेवली. कोलकात्याच्या पाल-सेनकालीन मूर्तींना असा पर्याय कोणी विचारला नाही, कारण त्यांपैकी बहुतेकांना विचारणारे देऊळच उरले नव्हते.

बौद्ध वस्तूंबाबत हिशेब उलटा होतो. पाली परंपरेत पूजनीय वस्तूंचे, म्हणजे चेतियांचे, तीन प्रकार मानले आहेत: शरीराचे अवशेष म्हणजे शारीरिक, बुद्धाने वापरलेले वृक्ष, आसन इत्यादी पारिभोगिक, आणि स्मरणार्थ घडवलेले ते उद्देशिक, यांपैकी शेवटच्या प्रकाराला कालिंगबोधि जातकात वस्तूचा आधार नसलेले, केवळ मनावर अवलंबून असलेले म्हटले आहे. म्हणजे मूर्तीबाबतचे जे दृष्टिमूलक मत हिंदू विधिपरंपरेला अपुरे पडते, ते बौद्ध परंपरेने मूर्तीपुरते स्वतःच मान्य केले आहे, आणि पावित्र्याचे ओझे अस्थींवर ठेवले आहे. अलेक्झांडर कनिंगहॅम यांना १८७३ मध्ये सतन्याजवळ भारहुत येथे सापडलेला इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाचा तांबूस दगडी कठडा, जो गावकरी घरबांधणीसाठी दगड नेत असल्याने उचलून कोलकात्यात आणला गेला, त्यावर बुद्ध मनुष्यरूपात कोठेही नाही. रिकामे आसन, बोधिवृक्ष, चक्र आणि पाऊलखुणा आहेत. अजातशत्रू वंदन करतो ते आसनासमोर. खांबांवर दान देणाऱ्या भिक्षू, भिक्षुणी आणि गृहस्थांची नावे ब्राह्मी लिपीत कोरलेली आहेत. कठडा जादूघरात आल्याने कोणत्याही बौद्धाला देवता बंदिस्त झाल्यासारखे वाटण्याचे कारण नव्हते. अस्थींचे तसे नव्हते.

पिप्रहवा येथे १८९८ मध्ये विल्यम पेप्पे या जमीनदाराने स्तूप उकरला, त्यातून मिळालेल्या अस्थी ब्रिटिश सरकारने सयामच्या राजाला दिल्या, आणि वालुकाश्माची पेटी, करंडक व बहुतेक रत्ने इंडियन म्युझियमला आली. काही रत्ने पेप्पे कुटुंबाकडे राहिली. ही वाटणी करणाऱ्यांच्या मनात सीमारेषा स्पष्ट होती: हाडे धर्माची, दागिने पुरातत्त्वाचे. बौद्ध उपासकांना ती रेषा मान्य नाही, कारण अस्थींबरोबर वाहिलेले मणी हे अस्थींच्याच पूजेचा भाग आहेत. ही असहमती शंभर वर्षे दबून राहिली आणि २०२५ च्या मे महिन्यात कुटुंबाकडील रत्ने हाँगकाँगच्या लिलावात निघाली तेव्हा उफाळून आली; भारत सरकारच्या नोटिशीनंतर लिलाव थांबला आणि जुलैमध्ये ती रत्ने गोदरेज समूहाच्या साहाय्याने भारतात परतली. अस्थींची दिशा मात्र विसाव्या शतकात बहुधा संग्रहालयाकडून विहाराकडेच राहिली. आंध्रातील भट्टिप्रोलू येथे निघालेला अवशेष १९२० मध्ये कॉलेज स्क्वेअरजवळच्या धर्मराजिक विहारात ठेवला गेला. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधील सारिपुत्त आणि मोग्गल्लान या बुद्धशिष्यांचे सांचीचे अवशेष १९४९ मध्ये कोलकात्यात पंडित नेहरूंच्या हस्ते महाबोधी सोसायटीच्या स्वाधीन झाले आणि १९५२ मध्ये सांचीला परतले. यासाठी पुन्हा प्रतिष्ठा करावी लागली नाही. अस्थी अस्थीच राहिल्या होत्या, संग्रहालयातील काळ त्यांच्या पूज्यतेत मोजला गेला नाही.

मूर्तींना ही सवलत नाही, आणि बंगालमधील मूर्तींचा मोठा भाग ज्या ठिकाणी सापडला त्याने प्रश्न अधिकच कठीण केला आहे. जादूघरातील आणि १९३७ मध्ये कलकत्ता विद्यापीठाने उभारलेल्या आशुतोष संग्रहालयातील अनेक विष्णू, सूर्य आणि देवीमूर्ती तळी उपसताना, पुष्करिणी खोल करताना निघाल्या. अग्निपुराणासारख्या ग्रंथांत जीर्णोद्धाराचा विधी दिला आहे: भंगलेल्या मूर्तीतील देवतेचे सान्निध्य विधिपूर्वक काढून घेऊन मग ती मूर्ती पाण्यात सोडावी. तळ्यातील मूर्ती अशी सोडलेली असेल तर ती रीतसर रिकामी आहे आणि तिच्याबाबत संग्रहालयाचे मौन योग्यच आहे. परंतु आक्रमणाच्या भीतीने पुजाऱ्याने रात्री तळ्यात लपवलेली मूर्तीही त्याच चिखलातून, त्याच फावड्याने निघते. मूर्तीच्या अंगावर भंगल्याची खूण असेल तर पहिल्या शक्यतेचे पारडे जड होते. नाक, बोटे, प्रभावळ शाबूत असलेली मूर्ती पाण्यात का गेली, याचा विचार दुसऱ्या शक्यतेकडे झुकतो, आणि पाटीवर मात्र दोघींसाठी एकच मजकूर येतो. गंगेशांच्या कसोटीने लपवलेल्या मूर्तीचाही निकाल वर काढणाऱ्या मजुराच्या स्पर्शाने लागला. ती अट आज टाकून दिली, तर निषिद्ध असे काहीच घडलेले नसते आणि मूर्ती पूज्यच राहते. उदयनांच्या कसोटीने तिला आपली म्हणणारी देवता अजून तसे म्हणत असेल तर शतके आणि क्रमांक यांनी फरक पडलेला नाही. पहिल्या प्रकारच्या मूर्तीपुढे संग्रहालयाला काही करायचे नाही. दुसऱ्या प्रकारच्या मूर्तीपुढे त्याने निदान ती कोठल्या तळ्यातून, कोणत्या अवस्थेत आणि कशाच्या सोबतीने निघाली एवढे तरी पाटीवर नोंदवावे, कारण तेवढ्याच माहितीवर तिचा निरोप घेतला गेला होता की नाही याचा अंदाज बांधता येतो.